डिझेल गाडी घ्यावी की नको? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाडवा किंवा दसरा जवळ आला की हा विषय घराघरांत निघतो. घरातले थोरले म्हणतात, "गाडी घ्यायची तर डिझेलच घ्या." शोरूममधला पोरगा म्हणतो, "सर, आता सगळे पेट्रोलच घेतात." दोघांचंही काही अंशी खरं असतं, आणि पैसे मात्र आपले जातात. म्हणून शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र घेतले आहेत. इंधनाचे दर आणि गाड्यांच्या किमती बदलत राहतात, हिशेबाची रीत तीच राहते. ती रीत समजून घ्या आणि आकडे आपापले घाला.

एका वाक्यात सांगा, मी डिझेल घ्यावी का?

गाडी आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर पळणार असेल, वर्षाचं रनिंग पंधरा हजारांच्या पुढं असेल आणि गाडी सहा-सात वर्षं ठेवायची असेल, तर बिनधास्त घ्या. राजारामपुरीतून महाद्वार रोड, तिथून मुलांची शाळा, तिथून मंडई आणि घर, एवढंच फिरणं असेल तर घेऊ नका. डिझेल आणखी स्वस्त झालं तरी घेऊ नका.

बहुतेक जण फक्त "वर्षाला किती किलोमीटर?" एवढंच विचारतात. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न असा: ते किलोमीटर एका दमात होतात की तुकड्या-तुकड्यांत? वर्षाला वीस हजार चालणारी गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच्या चकरा मारत असेल तर आजच्या डिझेल इंजिनाला ते मानवत नाही. उलट आठवड्यातून एकदाच निघणारी, पण थेट पुण्याला किंवा रत्नागिरीला जाणारी गाडी वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही.

पूर्वी तर सगळेच डिझेल घ्यायचे. मग असं काय बदललं?

तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, दरातला फरक. २०१२ च्या मे अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या पुढं गेलं होतं आणि डिझेल ४१ च्या आत होतं. लिटरमागं तीस-बत्तीस रुपयांचा फरक! त्या काळात डिझेल घेणारा माणूस अगदी बरोबर हिशेब करत होता. पेट्रोलचे दर जून २०१० मध्येच सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले होते. डिझेल जानेवारी २०१३ पासून दरमहा थोडं थोडं वाढत गेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं झालं. आज आपल्याकडं हा फरक बारा-तेरा रुपयांवर आला आहे.

दुसरी, भारत स्टेज ६, म्हणजे गाड्यांच्या धुरावरचे कडक नियम. १ एप्रिल २०२० पासून हे नियम लागू झाले. डिझेल गाडीतून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली आणि धुरातल्या कणांची २५ वरून साडेचारवर. ते साधायचं म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर महागडी यंत्रणा बसवणं आलं. १ एप्रिल २०२३ पासून तर प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या जोडीला प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाचीही तपासणी सुरू झाली. या खर्चामुळं छोट्या गाड्यांत डिझेल परवडेना. मारुतीनं २०२० मध्येच डिझेल बंद केलं, रेनो, निसान, स्कोडा आणि फोक्सवॅगननंही. होंडा २०२३ पर्यंत थांबली.

तिसरी, पेट्रोल इंजिनं सुधारली. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) लावलेलं पेट्रोल इंजिन आल्यापासून "पेट्रोल गाडीला दम नाही" ही जुनी तक्रार निम्म्यानं कमी झाली. निम्म्यानंच, कारण घाटाचा विषय वेगळा आहे. तो पुढं येतो.

किती किलोमीटर चालवल्यावर जादा घातलेले पैसे वसूल होतात?

कागद-पेन घ्या. एकाच गाडीचं, त्याच व्हेरियंटचं पेट्रोल मॉडेल एक्स-शोरूम साडेदहा लाखांना आणि डिझेल अकरा लाख सत्तर हजारांना आहे असं धरू. फरक १,२०,००० रुपये.

आता आरटीओचा एकरकमी कर. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ आणि त्यावर १३ टक्के कर आहे. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५. म्हणजे सरसकट दोन टक्के जास्त, तेही जास्त किमतीवर. आपल्या उदाहरणात पेट्रोलचा कर १,२६,००० होतो आणि डिझेलचा १,६३,८००. फरक ३७,८००. किमतीतला फरक मिळवला की एकूण जादा रक्कम झाली १,५७,८०० रुपये.

पुढं रोजचा खर्च. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरा. पंपावर आज जो दर असेल तो घातला तर उत्तमच. माहितीपत्रकातलं ॲव्हरेज बाजूला ठेवा. मिश्र रस्त्यावर टर्बो पेट्रोल १४ आणि डिझेल १९ देते असं धरू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये ४३ पैसे, डिझेलचा ४ रुपये ७९ पैसे. दर किलोमीटरला २ रुपये ६४ पैसे वाचतात. १,५७,८०० भागिले २.६४ केलं की साधारण साठ हजार किलोमीटर येतात.

बरेच जण इथंच थांबतात. पण डिझेलचं सर्व्हिसिंग थोडं महाग पडतं, काही गाड्यांत युरिया लागतो (तो कशाला ते पुढं येतं), फिल्टर लागतात. त्यापोटी किलोमीटरला तीस पैसे धरले तर बचत २ रुपये ३४ पैशांवर येते आणि साठ हजारांचे सदुसष्ट हजार होतात. वर ही जादा रक्कम पाच वर्षांच्या कर्जात गेली असेल, तर नऊ टक्क्यांनी तिच्यावर सुमारे ३९ हजार व्याज जातं. सगळं धरून आकडा चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरच्या आसपास पोचतो.

वर्षाला सहा हजार चालवणाऱ्याला इतकं अंतर कापायला चौदा वर्षं लागतील. वर्षाला वीस हजार चालवणारा सव्वाचार वर्षांत फायद्यात येतो, आणि त्यानंतर गाडी ठेवली तर दरवर्षी पंचेचाळीस हजारांच्या वर त्याच्या खिशात राहतात. तुमचं रनिंग या दोघांच्या मधलं असेल तर निर्णय पैशावर घेऊ नका, रस्त्यावर घ्या.

जीएसटी कमी झाला, त्याचा डिझेलला फायदा झाला का?

हो, आणि छोट्या डिझेल गाड्यांना चांगलाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत बसते. त्याआधी सेस धरून ३१ टक्के होते. पेट्रोलला हीच सवलत १२०० सीसीपर्यंत आहे. त्यापेक्षा मोठ्या गाड्यांना ४० टक्के, इंधन कोणतंही असो.

डीपीएफ, डीपीएफ म्हणतात ते नेमकं काय?

डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली, बारीक बारीक छिद्रांची चिनी मातीसारखी जाळी. धुरातली काजळी तिच्यात अडकते, म्हणून नव्या डिझेल गाडीच्या मागं काळा धूर दिसत नाही. पण अडकलेली काजळी जाणार कुठं? ती तिथंच जाळावी लागते, आणि त्याला सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. या जाळण्याला रीजनरेशन म्हणतात.

गाडी हायवेवर एका लयीत पळत असेल तर सायलेन्सर चांगला तापतो आणि बरीच काजळी आपोआप जळते. तेवढा ताप मिळाला नाही तर गाडीचा कॉम्प्युटर स्वतः हे काम हाती घेतो: थोडं जादा डिझेल सोडून एक्झॉस्ट तापवतो आणि दहा-पंधरा मिनिटांत फिल्टर साफ करतो. अडचण अशी की या दहा-पंधरा मिनिटांत गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट राहतं. दरवेळी जादा सोडलेल्या डिझेलपैकी थोडं सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी वाढलेली दिसते. ऑइल कमी झालं तर सगळे घाबरतात. डिझेल गाडीत ते वाढलेलं दिसलं तरी तितक्याच गांभीर्यानं घ्या.

शाहूपुरीत दुकान असलेले एक ओळखीचे गृहस्थ आहेत. घर ते दुकान दोन किलोमीटर, दुपारी जेवायला घरी, संध्याकाळी पुन्हा दुकान. गाडी मोठ्या हौसेनं घेतलेली, डिझेल ऑटोमॅटिक. वर्षाच्या आत डीपीएफचा दिवा लागला आणि पिकअप गेला. वर्कशॉपमध्ये गाडी एका कोपऱ्यात उभी केली, लॅपटॉप जोडला आणि जागेवरच रीजनरेशन लावलं. इंजिनचा आवाज चढला, पंखा पूर्ण वेगानं फिरू लागला, सायलेन्सरच्या तोंडाशी हात नेता येईना, आणि जळक्या काजळीचा उग्र वास सगळ्या शेडभर पसरला. गाडीत दोष काहीच नव्हता. ती चुकीच्या कामाला लावली होती. त्यांनी आता एक शिस्त ठेवली आहे: दर रविवारी सकाळी तावडे हॉटेलवरून हायवेला लागायचं, किणी टोलनाक्याच्या अलीकडून वळून परत यायचं. दिवा पुन्हा लागलेला नाही. पण फिल्टर साफ ठेवायला म्हणून दर आठवड्याला डिझेल जाळायचं असेल, तर पेट्रोल गाडी काय वाईट होती?

डीपीएफचा दिवा लागला तर लगेच काय करायचं?

दिवा पिवळा असेल आणि गाडीचा दम कमी झालेला नसेल, तर हायवे गाठा. साठ-सत्तरच्या वेगानं, एखादा गिअर खाली ठेवून, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दोन हजारांच्या वर राहील असं पंधरा-वीस मिनिटं चालवा. शिरोली ते वाठार किंवा उजळाईवाडी ते कागल हा पट्टा त्यासाठी पुरतो. दिवा गेला तर विषय संपला. लाल झाला, लुकलुकू लागला किंवा गाडी वेगच घेईना, तर ताणू नका, सर्व्हिस सेंटरला न्या. रीजनरेशन चालू असताना गाडी सुक्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नका. शेतात गाडी नेणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

गॅरेजवाला म्हणतो, डीपीएफ काढून टाकू. काढू का?

नको. मूळ रचनेत असा बदल करणं कायद्यात बसत नाही, वॉरंटी जाते, आणि तुमच्या मागून दुचाकीवर येणाऱ्याच्या छातीत ती काजळी जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. फिल्टर सांभाळणं जमणार नसेल तर डिझेल घेऊ नये. काढून टाकणं हा त्यावरचा मार्ग नाही.

युरियाची टाकी हे काय नवीन?

पिकाला टाकतो तो युरिया नव्हे. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया असलेलं हे द्रावण. पंपावर डीईएफ किंवा ॲडब्लू या नावानं मिळतं. ते एक्झॉस्टमध्ये फवारलं जातं आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजन आणि पाण्याच्या वाफेत होतं. हजार किलोमीटरला साधारण एक ते दोन लिटर लागतं. फार मोठा खर्च नाही.

तीन गोष्टी पाळा. टाकी संपू देऊ नका, कारण पूर्ण संपली आणि एकदा इंजिन बंद केलं की अशा गाड्या पुन्हा सुरू होत नाहीत. त्याआधी डॅशबोर्डवर बऱ्याच वेळा सूचना येते. खतातला युरिया पाण्यात कालवून घालू नका, त्यातल्या अशुद्धीनं हजारोंची यंत्रणा बाद होते. आणि निळ्या झाकणाच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत हे द्रावण जाणार नाही यावर स्वतः उभं राहून लक्ष ठेवा. सगळ्याच डिझेल गाड्यांत ही टाकी नसते, बुकिंगआधी विचारून घ्या.

घाटात डिझेलचा खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि आपल्या जिल्ह्यात डिझेलची बाजू सगळ्यात भक्कम इथंच आहे.

कोल्हापूर घाटमाथ्यावर वसलेलं. गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरीवरून फोंडा, मलकापूरवरून आंबा, आजऱ्यावरून आंबोली. कोकणात कुठंही जायचं तर असा एखादा घाट उतरायचा आणि येताना चढायचा. चढताना गाडी कशी असते? पाच माणसं, मागं नारळ, आंब्याच्या पेट्या, फणस, एसी चालू, समोर एसटी.

तिथं कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढायची ताकद. एकाच गाडीचं उदाहरण घ्या: टाटा नेक्सॉनच्या टर्बो पेट्रोलचा टॉर्क १७० न्यूटन मीटर आणि डिझेलचा २६०. टर्बो नसलेल्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाचा तर ११०-११५ एवढाच असतो. शिवाय डिझेलचा हा जोर दीड हजार आरपीएमपासूनच मिळायला लागतो. वळणावर वेग पडला, दुसऱ्या गिअरला आलात, हलका पाय दिलात की गाडी उचलते. साध्या पेट्रोल गाडीला तिथं पहिला गिअर मागावा लागतो आणि इंजिन ओरडायला लागतं.

गळीत हंगामात याचा दुसरा उपयोग कळतो. नोव्हेंबरपासून कारखाने संपेपर्यंत राधानगरी, गारगोटी, गडहिंग्लज, कुठल्याही रस्त्याला लागा, पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर असतोच. रस्ता दुपदरी आणि ओव्हरटेकला मिळतात मोजके सेकंद. अशा वेळी तिसऱ्या गिअरमधून झटकन निघून जाणारी गाडी ही चैन नाही, सुरक्षितता आहे. ज्यांचं महिन्याचं जाणं-येणं अशा रस्त्यांवर, भरल्या गाडीनं आहे, त्यांना मी वरचा चौऱ्याऐंशी हजारांचा हिशेब थोडा बाजूला ठेवून डिझेल घ्यायला सांगतो.

दोन सवयी मात्र लावून घ्या. घाट चढून आल्यावर गगनबावड्याला चहाला थांबलात की लगेच किल्ली फिरवू नका. अर्धा-एक मिनिट इंजिन आयडलवर चालू द्या, तापलेला टर्बो निवतो. आणि दीड हजारांच्या खाली आरपीएम असताना चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी रेटू नका. ॲव्हरेज वाढतं असं वाटतं, पण काजळी जास्त धरते आणि क्लचवर ताण येतो.

डिझेलचं ॲव्हरेज मुळातच जास्त का?

दोन कारणं. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. आणि डिझेल इंजिन हवा पंधरा-सोळा पट दाबून तिच्याच उष्णतेवर इंधन पेटवतं, तर पेट्रोलचा दाब दहा-अकरा पटींच्या आसपास असतो. जास्त दाब म्हणजे त्याच इंधनातून जास्त काम.

आपल्या जिल्ह्याच्या जवळचा आणखी एक मुद्दा आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं, ज्यातलं काही उसापासून तयार होतं. ऊस उत्पादकाच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळं पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज काहीसं उतरतं, जुन्या गाड्यांत जास्त. डिझेलला हा प्रश्न नाही.

पावसाळ्यात पुराचं पाणी येतं. डिझेल गाडी पाण्यातून जास्त चांगली जाते म्हणतात?

हा समज घातक आहे. जुन्या जीप आणि ट्रॅक्टर पाण्यातून जाताना पाहिलेत म्हणून तो पसरला. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही हे खरं, पण हवा लागतेच. हवेच्या नळीतून पाणी आत गेलं की संपलं. पाणी दाबलं जात नाही, आणि डिझेलमध्ये दाबायची जागा मुळात लहान असते. त्यामुळं पेट्रोल इंजिन जेवढ्या पाण्यात नुसतं बंद पडेल तेवढ्या पाण्यात डिझेलचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग इंजिनच उतरवावं लागतं.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. तिकडं आकडा चढू लागला की शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, बापट कॅम्प भागातल्यांनी गाडी आदल्या दिवशीच उंचावर नेऊन ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ थेट पुणे-बंगळुरू महामार्गच बंद पडला होता, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा. पाणी बसलेली गाडी "सुरू होते का बघू" म्हणून स्टार्टर मारणं ही सगळ्यात महाग पडणारी गोष्ट. बॅटरीची तार काढा आणि टोइंग बोलवा.

विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्याच. साध्या फुल इन्शुरन्समध्ये पाणी शिरून झालेलं इंजिनाचं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत.

आपल्याकडं डिझेलचे मेकॅनिक भरपूर आहेत. मग मेंटेनन्सची चिंता कशाला?

कोल्हापूरला डिझेल इंजिन नवं नाही. विहिरीवरच्या ऑइल इंजिनांच्या काळापासून इथं ती बनवणारे आणि दुरुस्त करणारे हात आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून इंजिनाचं कास्टिंग बाहेर पडतं. हा वारसा मोलाचा आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. जुन्या बोलेरो, सुमो, क्वालिस यांच्यासाठी याहून चांगलं गाव शोधून सापडणार नाही.

पण आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल दीड-दोन हजार बार दाबानं सोडलं जातं. इंजेक्टर (डिझेल फवारणारी तोटी) स्वच्छ खोलीत, यंत्रावर तपासावा लागतो. नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारा कसबी मिस्त्री सुद्धा स्कॅनरशिवाय या गाडीत पुढं जाऊ शकत नाही. म्हणून वॉरंटीत असेपर्यंत सर्व्हिसिंग कंपनीकडंच करा, शक्य असेल तर वाढीव वॉरंटी घ्या. डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला तर फिल्टरमध्ये साचलेलं पाणी काढून घ्या. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, कमी राखेचं. शंभर-दोनशे रुपये वाचवायला दुसरं घातलं तर ते डीपीएफला महाग पडतं. कॅनमधलं, गावाकडच्या दुकानातलं डिझेल या गाड्यांना अजिबात घालू नका. खात्रीचे दोन-तीन पंप ठरवून ठेवा.

दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होणार म्हणतात, खरं का?

दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि राजधानी परिसराचा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं अशा गाड्यांवरची सक्तीची कारवाई थांबवली, पण डिसेंबर २०२५ मध्ये ही सवलत बीएस ४ (भारत स्टेज ४) आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच ठेवली. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पेट्रोल असो की डिझेल. त्यानंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं.

मे २०२३ मध्ये एका केंद्रीय समितीची शिफारस गाजली होती: दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेल चारचाकी बंद कराव्यात. ती शिफारस होती, कायदा नव्हे. आणि २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत होती. उद्या नियम कडक होणार नाहीत असं कुणी छातीठोक सांगू नये, पण आज एमएच ०९ पासिंगची डिझेल गाडी घेताना या भीतीनं थांबायचं कारण नाही.

जुनी डिझेल गाडी घेतली तर?

मध्यम बजेटवाल्यांसाठी हा चांगला मार्ग आहे. २०१७ ते २०२० मधल्या बीएस ४ डिझेल गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत डीपीएफची कटकट नाही आणि युरियाही नाही. घेताना इंजिन थंड असतानाच पाहा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या. सुरू होताना दोन-तीन वेळा सेल्फ मारावा लागतो का, निळा धूर येतो का, ऑइलचं झाकण काढल्यावर तिथून फसफसून हवा येते का, हे बघा. किलोमीटरचा आकडा मागं फिरवणं सोपं असतं, म्हणून सर्व्हिस रेकॉर्ड मागा. पेडलचं रबर आणि स्टेअरिंगची झीज आकड्याशी जुळते का तेही पाहा.

दिल्लीकडची गाडी स्वस्तात मिळते म्हणून हुरळून जाऊ नका. एनओसी, इथला कर आणि पुन्हा पासिंग यांचा खर्च आधी काढा. आपल्याकडच्या गाड्यांत आणखी एक तपासणी लागतेच: मॅटखाली आणि सीटच्या पट्ट्याच्या तळाशी वाळलेला गाळ. पुरात बसलेली गाडी कितीही चकाचक केली तरी तिथं खूण राहते.

नवीन घ्यायची तर पर्याय कोणते उरले?

हॅचबॅकमध्ये टाटा अल्ट्रोझ. चार मीटरच्या आतल्या एसयूव्हीत नेक्सॉन, सोनेट, व्हेन्यू, महिंद्रा ३एक्सओ आणि बोलेरो. त्यावर क्रेटा, सेल्टोस, कर्व्ह, कॅरेन्स. मोठ्यांत स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही ७एक्सओ (आधीची ७००), हॅरियर, सफारी, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर. मोठ्या गाडीकडं जाल तसं डिझेलचं पारडं जड होत जातं. दीड-दोन टनांची गाडी पेट्रोलवर ओढायची तर ॲव्हरेज दहाच्या आसपास येतं.

सीएनजी घेतली तर डिझेल कशाला?

शहर, इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली एवढाच राबता असेल तर सीएनजी किलोमीटरमागं पेट्रोल-डिझेलपेक्षा स्वस्त पडते, आणि करही कमी आहे. पण डिकीत सिलिंडर येतो, घाटात दम आणखी कमी होतो, आणि चंदगड-गगनबावडा बाजूला पंप शोधावा लागतो. लग्नाचं सामान किंवा शेतीचा माल नेणाऱ्यांना ती सोसत नाही.

पंपावर चुकून डिझेल गाडीत पेट्रोल भरलं, आता?

गाडी सुरू करू नका. किल्ली ऑन सुद्धा करू नका, कारण बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानंच टाकीतला पंप चालू होतो. डिझेल हे हाय-प्रेशर पंपाचं वंगणही असतं. पेट्रोल गेलं की पंप कोरडा घासतो आणि धातूचा चुरा थेट इंजेक्टरपर्यंत जातो. गाडी ढकलत बाजूला घ्या, टाकी पूर्ण रिकामी करून घ्या, फिल्टर बदला, मगच डिझेल भरा. थोडंसंच गेलंय, वरून डिझेल टाकून चालेल असं पंपावरच्या कुणी सांगितलं तरी ऐकू नका, आणि बिल मात्र जपून ठेवा.